घराला नंबर नाही, शिवाराला नाव आहे : आयर्लंडचं ‘टाउनलँड’

आयर्लंडमध्ये नोकरीला गेलेल्या एखाद्या ओळखीच्या माणसाने तिथल्या खेड्यातल्या घराचा पत्ता पाठवला, तर तो दोनदा वाचावा लागतो. त्यात घराचा नंबर नसतो, रस्त्याचं नावही नसतं. आधी माणसाचं नाव, मग उच्चारायला अवघड असा एक शब्द, मग जवळच्या टपालाच्या गावाचं नाव, आणि शेवटी काउंटी, म्हणजे साधारण आपला जिल्हा. संपला पत्ता. अलीकडे खाली एक संकेतांकही असतो, त्याचं पुढे बोलू. २०२२च्या जनगणनेत आयर्लंडमध्ये ४५ हजारांहून जास्त भारतीय नागरिक नोंदले गेले. त्यांत मराठी माणसंही आहेत आणि त्यांतल्या अनेकांना पहिल्या महिन्यात हा प्रश्न पडतो : पोस्टमनला घर सापडतं कसं?

उत्तर त्या मधल्या अवघड शब्दात आहे. ते ‘टाउनलँड’चं नाव असतं.

याच शब्दाचा शोध सध्या अनेक जण घेत आहेत, त्याला आणखी एक कारण आहे. १८ एप्रिल १९२६च्या रात्री स्वतंत्र झालेल्या आयर्लंडची पहिली जनगणना झाली. तिथल्या कायद्यानुसार जनगणनेचे घरोघरचे कागद शंभर वर्षं बंद राहतात, त्यामुळे ते खुले करायची तारीख ठरली एप्रिल २०२६. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, कॅनडात आयरिश वंशाचे लाखो लोक आपल्या पणजोबांचं नाव अशा कागदांत शोधतात. पण पॅट्रिक केली किंवा मेरी बर्न असं नाव घेऊन शोधायला बसलं, तर शेकडो माणसं समोर येतात. आपली कोणती, हे कळायला टाउनलँड माहीत असावं लागतं.

टाउनलँड म्हणजे गाव का?

नाही, आणि सगळा घोटाळा इथेच होतो. नावात ‘टाउन’ आहे, पण टाउनलँडमध्ये टाउन नसतं. बाजारपेठ नसते, बहुतेक ठिकाणी दुकानही नसतं. टाउनलँड म्हणजे नाव आणि हद्द असलेला जमिनीचा तुकडा. आपल्याकडे गाव म्हटलं की आधी गावठाण डोळ्यांसमोर येतं, देऊळ, पार, वेस, आणि मग भोवतीचं शिवार. गावठाण काढून टाका आणि नुसतं शिवार ठेवा. त्यात अंतराअंतरावर चार-दहा घरं मांडा. टाउनलँडचं चित्र साधारण तयार झालं. काही टाउनलँडमध्ये आज एकही राहतं घर नाही, तरी त्यांचं नाव आणि हद्द कायम आहे.

आयरिश भाषेत याला ‘बाल्ये फॅरन’ म्हणतात. ‘बाल्ये’ म्हणजे वस्ती, ठिकाण, आणि घरसुद्धा. ‘घरी आहे’ म्हणायलाही आयरिश माणूस हाच शब्द वापरतो.

संपूर्ण बेटावर, म्हणजे आयर्लंड प्रजासत्ताक आणि उत्तर आयर्लंड मिळून, सुमारे ६१ हजार टाउनलँड आहेत. रचना अशी : ४ प्रांत, त्यांत ३२ काउंटी, काउंटीत बॅरनी, बॅरनीत पॅरिश, म्हणजे मूळचा एका चर्चचा परिसर, आणि सगळ्यांत खाली टाउनलँड. बॅरनी आता केवळ जुन्या दप्तरात उरली आहे. टाउनलँड मात्र रोजच्या बोलण्यात आहे.

आकाराचं म्हणाल तर सरासरी सव्वातीनशे एकरांच्या आसपास, पण या सरासरीला फार अर्थ नाही. मेयो काउंटीतलं शेस्किन ७ हजार एकरांहून मोठं आहे, तर काही टाउनलँड एका एकरातही मावतील. एवढा फरक का? कारण जुन्या काळी जमीन लांबी-रुंदीने मोजत नसत, ती किती पोसते यावर मोजत. अमुक इतक्या गाई चरतील एवढी जमीन, एका नांगराच्या जोगी जमीन. आपल्याकडेही शेत सांगताना किती पायल्यांचा पेरा, हे सांगायची रीत होतीच. कसदार जमिनीत टाउनलँड लहान आणि दलदलीच्या माळावर अफाट, हा त्याच हिशेबाचा उरलेला ठसा आहे.

हद्द कोणी आखली?

बऱ्याच हद्दी कोणी एका दिवशी बसून आखलेल्या नाहीत. ओढा, दगडी बांध, चर, जुनी वाट, दलदलीची कड अशा खुणांनी त्या ठरत गेल्या. यातल्या कित्येक बाराव्या शतकात इंग्लंडकडून चालून आलेले नॉर्मन लोक येण्याच्याही आधीच्या आहेत, असं अभ्यासक मानतात.

कागदावर त्या दोन मोठ्या खेपांना आल्या आणि दोन्ही वेळा कारण सरकारी होतं. पहिली खेप १६५५-५६ची. इंग्रज सेनापती क्रॉमवेलच्या स्वारीनंतर कॅथलिक जमीनमालकांच्या जमिनी काढून घेऊन सैनिकांना आणि सावकारांना वाटायच्या होत्या. वाटायच्या तर आधी मोजायला हव्यात, म्हणून विल्यम पेटी या डॉक्टरने मोजणी केली. दुसरी खेप १८२४ला सुरू झाली. स्थानिक कर प्रत्येक टाउनलँडवर बसत असे, पण कोणाची जमीन किती हेच नीट माहीत नसल्याने तो विषम बसत होता. मग ‘ऑर्डनन्स सर्व्हे’ या लष्करी मोजणी खात्याने थॉमस कोल्बी यांच्या हाताखाली सगळं बेट एका मैलाला सहा इंच या प्रमाणात मोजलं. १८४६पर्यंत सर्व काउंट्यांचे नकाशे छापून झाले. एवढ्या बारकाईने मोजलेला अख्खा देश तोवर जगात नव्हता.

या मोजणीचा एक धागा आपल्या बाजूलाही आला आहे. कोल्बींनी पायारेषा, म्हणजे पुढची सगळी मोजणी जिच्या आधारे होते ती पहिली सरळ रेषा, मोजायला पितळ आणि लोखंड जोडून असे दांडे बनवून घेतले होते, की ऊन-थंडीने त्यांची लांबी बदलू नये. जॉर्ज एव्हरेस्ट यांनी त्याच पद्धतीचे दांडे भारतातल्या मोजणीसाठी आणले आणि १८४१ साली मराठवाड्याला लागून असलेल्या बीदरजवळची पायारेषा अशाच दांड्यांनी मोजली गेली.

पण सगळ्यांत चांगले दांडे असले तरी टाउनलँडची हद्द त्यांना कशी कळणार? ती ठाऊक होती गावकऱ्यांना. म्हणून रिचर्ड ग्रिफिथ यांच्या हद्द-खात्याने प्रत्येक ठिकाणी जाणती माणसं नेमली. त्यांनी पुढे चालायचं आणि शीव दाखवायची, मागून अधिकाऱ्याने ती टिपायची. आज संगणकावर दिसणारी आयर्लंडची प्रत्येक टाउनलँड-रेषा अशा कोणा चिखल तुडवत गेलेल्या माणसाच्या स्मरणावर उभी आहे. नकाशावर नाव मात्र खात्याचं छापलं गेलं.

इंग्रजांनी नावं मारली, हे खरं का?

बरंचसं खरं आहे, पण सगळं चित्र तेवढ्यात येत नाही.

नकाशा इंग्रजीत छापायचा होता, नावं आयरिश भाषेत होती. मग ‘जसं ऐकू येतं तसं’ इंग्रजी वळणाने लिहायचं ठरलं. त्यात मूळ अर्थ हरवला. ‘किल’ने सुरू होणारी शेकडो नावं घ्या. काहींत ते मूळचं ‘चर्च’ असतं, काहींत ‘रान’. आयरिशमध्ये हे दोन वेगळे शब्द आहेत, इंग्रजी लेखनात दोन्ही ‘किल’ झाले. ‘बॅली’चंही तसंच : कुठे ते ‘बाल्ये’, म्हणजे वस्ती, तर कुठे ‘बेल आहा’, म्हणजे नदी पायी ओलांडायच्या जागेचं तोंड. आपल्याकडच्या एखाद्या वडगावाचं नाव रोमन लिपीतून परत मराठीत आणताना ‘वाडगाव’ व्हावं आणि वड विसरला जावा, तसं हे घराघरांत, बांधाबांधावर झालं.

तरी त्याच खात्यात जॉन ओ’डोनोव्हन नावाचा एक माणूस होता. किल्केनी काउंटीतल्या शेतकरी घरातला, आयरिश भाषेचा गाढा जाणकार. १८३०ला तो खात्यात आला आणि १८३४ पासून काउंटीमागून काउंटी हिंडला. म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारायचं, जुनी हस्तलिखितं ताडायची, नाव तोंडी कसं उच्चारतात ते टिपायचं, मूळ आयरिश रूप वहीत लिहायचं, आणि रात्री कुठल्या तरी खोलीत बसून वरिष्ठांना लांबच लांब पत्रं लिहायची. छापील नकाशात इंग्रजी रूप गेलं हे खरं. पण आयरिश रूप कळतं, तेही बऱ्याच ठिकाणी त्याच्याच वह्यांमुळे. पुढच्या काही दशकांत ती भाषा बोलणारी माणसं दुष्काळाने आणि देशांतराने बेटाच्या बऱ्याच भागातून नाहीशी झाली. तो काही दशकं उशिरा निघाला असता तर बऱ्याच ठिकाणी विचारायला कोणी उरलं नसतं. मला या सगळ्या सरकारी उलाढालीत तो माणूस सर्वांत मोठा वाटतो.

या नावांत काय काय भरलेलं आहे पाहा. ‘नॉक’ म्हणजे टेकडी, ‘डेरी’ म्हणजे ओकचं रान, ‘क्लून’ म्हणजे कुरण, ‘कॅरो’ म्हणजे चौथाई, जुन्या मोठ्या वाटणीचा चौथा हिस्सा. ‘लिस’ आणि ‘रॅथ’ म्हणजे गोल मातीचा तट घातलेलं जुनं घर. ‘बॅली’नंतर पुष्कळदा एखाद्या कुळाचं नाव येतं : अमक्यांची वस्ती. आपली रीत याच्या उलटी. वराड गावचे ते वराडकर. त्यांच्यापैकी लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले आणि डिसेंबर २०१९ मध्ये मालवण तालुक्यातल्या त्या गावी येऊनही गेले. आपल्याकडे गाव माणसाला नाव देतं, तिथे माणसांनी गावाला दिलं. मग ती माणसं निघून गेली तरी नाव जमिनीला चिकटून राहिलं.

तिथे लोक राहायचे कसे?

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, विशेषतः पश्चिमेकडे, ‘रनडेल’ नावाची पद्धत होती. घरं एका ठिकाणी दाटीने. भोवतीची चांगली जमीन सगळ्यांची मिळून घेतलेली, पण प्रत्येकाच्या वाट्याला तिच्या विखुरलेल्या पट्ट्या : थोडी कसदार, थोडी खडकाळ, थोडी पाणथळ. म्हणजे चांगलं-वाईट सर्वांना सारखं. अधूनमधून पट्ट्या नव्याने वाटायच्या. माळ आणि दलदल सामाईक, तिथे गुरं चारायची आणि दलदलीतली कुजलेली माती विटांसारखी कापून, वाळवून सरपण करायचं.

कापणी किंवा ही सरपणाची कापाकापी आली की शेजारी एकमेकांकडे बिनमजुरीने राबायचे. त्याला ‘मेहेल’ म्हणतात. आपल्याकडची इर्जिक जवळजवळ तीच. एका टाउनलँडमध्ये एकाच आडनावाची पाच घरं असली, तर माणूस ओळखायला बापाचं, आजाचं नाव जोडायचं, नाहीतर ‘तांबड्या केसांचा’ असं काही. पोस्टमनच्या कोड्याचं उत्तर हेच. टाउनलँड कळलं की उरलेलं शेजारी सांगतात.

आणि ते गोल तट. संपूर्ण बेटावर असे सुमारे ४५ हजार मानले जातात, बहुतेक इ.स. ५०० ते १००० या काळातले. लोकांची समजूत अशी की तिथे अदृश्य लोकांचा वास असतो, म्हणून तिथलं झाड तोडायचं नाही, नांगर घालायचा नाही. कितीतरी तट त्या धाकानेच वाचले. आपल्या देवराया आठवतात ना!

एका टाउनलँडची गोष्ट

रॉसकॉमन काउंटीत, स्ट्रोक्सटाउन या गावाजवळ, किलग्लास पॅरिशमध्ये बॅलीकिलक्लाइन नावाचं टाउनलँड आहे. सुमारे ६०० एकर. १८४०च्या सुमाराला तिथे जवळजवळ ५०० माणसं राहत होती. जमीन त्यांची नव्हती. ते कुळं होते. जमीन ब्रिटिश राजसत्तेची होती आणि ती स्ट्रोक्सटाउनच्या महॉन घराण्याकडे दीर्घ पट्ट्याने होती. महॉन कुळांकडून खंड घेत.

१८३४ मध्ये तो पट्टा संपला आणि राजसत्तेच्या जमिनी सांभाळणाऱ्या खात्याने कारभार थेट हातात घेतला. त्यानंतर बॅलीकिलक्लाइनच्या कुळांनी खंड देणं थांबवलं. एक-दोन हंगाम नव्हे, १८४७पर्यंत. त्यांनी वकील केले, अर्ज लिहिले, जमिनीवरच्या सरकारच्या हक्कालाच आव्हान दिलं. वसुलीला आलेल्यांना अडवलंही. हे काही निरक्षर, गांगरलेल्या माणसांचं वागणं नव्हे.

तेवढ्यात १८४५ला बटाट्यावर करपा आला. खडकाळ तुकड्यावर कुटुंब पोसेल असं दुसरं पीक नव्हतं. बटाटा गेला आणि माणसं मरू लागली. १८४१ला रॉसकॉमनची लोकसंख्या २ लाख ५३ हजारांवर होती, १८५१ला १ लाख ७३ हजार उरली. शेजारचे जमीनमालक डेनिस महॉन यांनी १८४७ मध्ये आपली सुमारे दीड हजार कुळं जहाजांतून क्यूबेकला पाठवली. त्यांतले कितीतरी वाटेतच तापाने गेले. त्याच वर्षी २ नोव्हेंबरला महॉन यांची गोळ्या घालून हत्या झाली.

बॅलीकिलक्लाइनचा निकाल सरकारने लावला. १८४७च्या सप्टेंबरपासून १८४८ पर्यंत कुळं बेदखल झाली. साडेतीनशेहून जास्त माणसांना सरकारी खर्चाने डब्लिनमार्गे लिव्हरपूल आणि तिथून न्यूयॉर्कला पाठवण्यात आलं. मागे घरं पाडली गेली.

खंड थकवला तर बेदखल करणारच ना? आणि तिकीट तर दिलं!

हा प्रश्न रास्त आहे. कायद्याच्या नजरेने पाहिलं तर बारा-तेरा वर्षं खंड न देणारं कूळ हटवता येत होतं आणि इतर अनेक मालकांनी कुळांना वाटखर्चही दिला नाही.

पण कायदा कोणाचा होता हेही पाहायला हवं. कुळाने घर बांधलं, चर खणले, दलदल उपसून शेत केलं, तरी त्यावर त्याचा हक्क नव्हता. सुधारणा केली तर खंड वाढायची भीती. ज्यांच्या बापजाद्यांनी ती जमीन कसली, त्यांना विचारण्याची सोय त्या कायद्यात नव्हती. ती पुढे आली. १८८१च्या कायद्याने न्याय्य खंड ठरवायची यंत्रणा उभी राहिली आणि १९०३च्या कायद्यानंतर कुळं मोठ्या संख्येने जमिनीची मालक झाली. कुळकायद्याच्या आधीचं आणि नंतरचं शेतकरी घर ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना यातला फरक समजावून सांगायची गरज नाही. बॅलीकिलक्लाइनची माणसं जे मागत होती, ते कायद्याला कळायला आणखी कित्येक दशकं लागली.

आणि तिकिटाचं म्हणाल, तर ज्या वर्षी मागे राहणं म्हणजे उपासमार होती, त्या वर्षी दिलेलं तिकीट ‘निवड’ कसं म्हणायचं?

मातीत काय सापडलं

१९९८ पासून काही उन्हाळे चार्ल्स ऑर्सर या अमेरिकी पुरातत्त्वज्ञाने बॅलीकिलक्लाइनमध्ये पाडलेल्या घरांच्या जागी उत्खनन केलं. आयरिश कूळ म्हणजे मातीचं झोपडं आणि बटाट्याचं भांडं, अशी समजूत होती. सापडले ते इंग्लंडमधल्या कारखान्यांत बनलेल्या चिनीमातीच्या भांड्यांचे पुष्कळ तुकडे, त्यांत नक्षीदार बशाही. म्हणजे ही माणसं बाजारात जात होती, चार पैसे बाजूला टाकत होती, घरात एक चांगली बशी असावी असं त्यांना वाटत होतं. सरकारी कागदांत ती फक्त ‘थकबाकीदार’ आहेत.

आता पिनकोड आला, मग टाउनलँड कशाला?

जुलै २०१५ मध्ये आयर्लंडने ‘ईरकोड’ सुरू केला. सात अक्षर-अंकांचा संकेतांक, प्रत्येक पत्त्याला वेगळा. गरज होतीच : देशातले एक तृतीयांशाहून जास्त पत्ते एकमेव नव्हते, म्हणजे एकाच पत्त्यावर अनेक घरं. रुग्णवाहिकेला रात्री तांबड्या केसांचा कोण, हे विचारत बसता येत नाही. ईरकोड उपयोगी आहे, याबद्दल दुमत नको.

पण त्याची रचना अशी, की शेजारच्या दोन घरांचे संकेतांक लागोपाठचे नसतात, मुद्दामच. त्यातून घर कळतं, शेजार कळत नाही. उत्तर आयर्लंडमध्ये १९७०च्या दशकात टपाल खात्याने खेड्यातल्या रस्त्यांना नावं आणि घरांना नंबर दिले, तेव्हा पत्त्यांतून टाउनलँड गळू लागलं. त्याविरुद्ध तिथे लोक चळवळीला उभे राहिले आणि त्यांत कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोन्ही होते. ज्या भूमीत त्या काळी बहुतेक प्रश्नांवर हे दोन समाज समोरासमोर होते, तिथे शिवाराच्या नावासाठी ते एका बाजूला आले.

बॅलीकिलक्लाइनमधून गेलेली काही कुटुंबं व्हर्माँट राज्यातल्या रटलंडमध्ये, दगडाच्या खाणींच्या भागात स्थिरावली. त्यांचे वंशज एकमेकांना शोधत एकत्र आले, त्यांनी आपल्या मंडळाला त्या टाउनलँडचंच नाव दिलं आणि ते पाहायला आयर्लंडला गेले. त्या पिढीच्या आयरिश माणसांच्या अमेरिकेतल्या थडग्यांवर पुष्कळदा जन्मतारीख सापडत नाही, ती कोणी नोंदलेलीच नव्हती. काउंटी असते, पॅरिश असते, आणि कधी कधी, दगड कोरणाऱ्याने इंग्रजी वळणाने जसं ऐकलं तसं लिहिलेलं, टाउनलँडचं नाव.